पान पासष्ट ते ऐंशी

१२ फेब्रुवारी, गुरुवार. बाइंडरांना दोन पुस्तकांच्या बांधणीचे एकशे सदतीस रुपये पन्नास पैसे रोख दिले, पावती घेतली. पन्नास पैसे कसले असे विचारले, तर म्हणाले, "साहेब, दोरा जास्त लागला."

ही नोंद माझ्या हातची आहे. मी एका शीतगृहाच्या कंपनीत हिशेबनीस आहे, निवृत्तीला आठ महिने उरले आहेत, आणि संध्याकाळी आमच्या वाचनालयातल्या वाचन मंडळाचा चिटणीस आणि खजिनदार अशी दोन्ही कामे बघतो. ही दोन पदे एकाच माणसाकडे असू नयेत हे मला मान्य आहे. मी वाणिज्य शाखेचा. पण मंडळाची अध्यक्ष माझी थोरली ताई आहे. ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, हे तिला अजून कोणी नीट सांगितलेले नाही.

मंडळ पाच जणांचे. ताई, मी, कोपऱ्यावरचे औषधवाले, वाचनालयाचे ग्रंथपाल आणि बाइंडरांची बायको, जिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी साडेपाच वाजता आम्ही वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो. दोन पुस्तकांवर बोलायचे, एक कादंबरी, एक माहितीचे. नियम ताईने केलेले. नियम सात: सभेत फक्त सभासदांनी बसावे. नियम नऊ: सभासद होऊ इच्छिणाऱ्याने दोन पुस्तके, प्रत्येक प्रकारचे एक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून त्यांवर सभेत बोलावे. नियम अकरा: न वाचलेल्या पुस्तकावर मत दिल्यास पाच रुपये दंड. हा दंड आजवर कोणाला झाला नव्हता. आमचे मंडळ फार वाचते असा त्याचा अर्थ आम्ही लावला होता.

नियम सातचा फटका जगात एकाच माणसाला बसत होता, तो म्हणजे बाइंडर. अकरा वर्षे ते वहिनींना स्कूटरवर घेऊन येत आणि सभा संपेपर्यंत बाहेर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसत. आत हशा झाला की खिडकीकडे मान वळवत. सभा सुटली की पहिला प्रश्न, "अगं, मघाशी काय हसलात एवढं?"

"जाऊ दे. पहिल्यापासून सांगावं लागेल," वहिनी म्हणत आणि मागे बसत.

"पहिल्यापासून" हा शब्द बाइंडरांना लागायचा. त्याला कारण होते.

त्यांचे दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची खोली. एक खिडकी, एक लांब टेबल, चाक फिरवून आवळायचे लोखंडी दाबयंत्र आणि शेगडीवर खळीचे पातेले. माणूस बुटका, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला, उजवा अंगठा घड्या दाबून दाबून चमच्यासारखा चपटा झालेला. अडतीस वर्षे ते पुस्तके बांधत आहेत. पुस्तक कसे तयार होते ते त्यांनीच मला समजावले: मोठ्या कागदावर सोळा पाने छापतात, त्याची घडी घातली की झाला एक फर्मा, असे फर्मे क्रमाने लावायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, दाबात ठेवायचे. दाबात ठेवल्यावर हात मोकळे. तेव्हा बाइंडर चहा ओततात आणि टेबलावर वरती जो फर्मा पडला असेल तो वाचतात. सोळा पाने संपतात, चहाही संपतो. पुस्तक गिऱ्हाइकाकडे जाते.

अशा रीतीने बाइंडरांनी अडतीस वर्षांत हजारो पुस्तके वाचली, प्रत्येकाची सोळा पाने.

त्यामुळे त्यांचे ज्ञान अफाट होते आणि कुठेच सुरू होत नव्हते. छाती उघडेपर्यंतची हृदयशस्त्रक्रिया त्यांना येत होती. पुढचा फर्मा दुसऱ्या ढिगात होता. एका युद्धाची सगळी तयारी त्यांना पाठ होती, पण ते झाले की नाही याची कल्पना नव्हती. एकदा भाडेकराराच्या कायद्याचे पुस्तक बांधता बांधता त्यांनी मेहुण्याला सल्ला दिला, आणि मेहुण्याला चंबूगबाळे आवरून दोन दिवसांत घर सोडावे लागले. "अपवाद पुढच्या फर्म्यात होते," असे ते अजून सांगतात. मेहुणा त्यांना 'सोळापाने' म्हणू लागला, आणि मग सगळेच म्हणू लागले.

माझ्यावर त्यांचा विशेष विश्वास. कंपनीच्या वह्या बांधायला मी त्यांच्याकडे गेलो की ते हळूच विचारत, "साहेब, ती गेल्या वर्षीची हिरवी कादंबरी. त्यातला पोस्टमन तिसऱ्या फर्म्याच्या शेवटी विहिरीत पडतो. पुढे काय हो झालं त्याचं?"

"वाचला," मी सांगत असे.

"हुश्श. आणि पत्रं?"

"वाळवली."

मी ती कादंबरी पाहिलीसुद्धा नव्हती. पण त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी बघवत नसे. अशा पद्धतीने मी आजवर बारा-तेरा माणसांचे प्राण वाचवले आहेत, दोन लग्ने जुळवली आहेत आणि एका सावकाराला अर्धांगवायू आणला आहे.

तर या माणसाने फेब्रुवारीच्या सभेनंतर ताईला जिन्यात गाठले.

"बाई, मला सभासद व्हायचंय."

ताईने त्यांना चपलेपासून चष्म्यापर्यंत पाहिले. "तुम्ही? पूर्ण पुस्तक वाचणार?"

"दोन. नियमात दोन आहेत ना!"

"अहो, घरी चला," वहिनी म्हणाल्या. "बाई, यांनी आमची लग्नपत्रिकासुद्धा अर्धी वाचली होती. स्वतःच्या लग्नाला उशिरा आले."

"तारीख बरोबर वाचली होती की! वेळ मागच्या पानावर होती."

पण माणूस हटेना. पायरी फार गार लागते, असे काहीतरी पुटपुटला. खरे कारण मला नंतर स्कूटर चालू करताना त्यांनी सांगितले. "साहेब, ही आत काय बोलते ते मी अकरा वर्षांत ऐकलं नाही. माझ्याशी घरी बोलते ती भाजी आणि लाइटबिल. आत ती काय बोलत असेल हो?"

मी म्हणालो, "चांगलं बोलतात." हे मात्र खरे होते. वहिनी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसतात आणि रांग नसली की गल्ल्याखाली पुस्तक धरून वाचतात. मंडळात त्या बोलायला लागल्या की ग्रंथपालही जागे होतात.

ताईने पुस्तके ठरवून दिली. त्याच दिवशी बाइंडरांनी पुन्हा बांधून आणलेली जोडी तिच्या हातात होती, तीच पुढे केली. कादंबरीचे नाव 'हुंदका आणि हातरुमाल', पाने दोनशे छप्पन्न. माहितीचे पुस्तक 'पाण्याचा पंप व आपण', पाने एकशे अठ्ठावीस. "दोन्ही आम्ही पूर्वीच वाचलेली आहेत," ताई म्हणाली. औषधवाल्यांनी लगेच तिची री ओढली, "उत्तम पुस्तकं!" मीही मान हलवली. मान हलवायला पैसे पडत नाहीत, असे तेव्हा वाटत होते.

चार आठवडे बाइंडर वाचत होते. दुकानात गेलो की बोटाने इशारा करत, बोलू नका. एकदा डोळे पुसताना दिसले. कादंबरी का, असे विचारले, तर पंपाचे पुस्तक वर करून दाखवले. मी वाद घातला नाही.

१२ मार्चला खोलीत पाच खुर्च्यांवर आम्ही पाच. बाइंडर इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांना उभे ठेवले, कारण नियम सातमध्ये 'बसावे' असा शब्द आहे आणि उभे राहण्याबद्दल काही म्हटलेले नाही. ही पळवाट मी काढली होती. वहिनी मांडीवरच्या पिशवीकडे बघत होत्या.

"करा सुरुवात," ताई म्हणाली. "घाबरू नका. सोळा पानांनंतरही पुस्तक असतं, एवढं तरी कळलं ना?"

बाइंडरांनी घसा खाकरला. "कादंबरी फार आवडली. पहिले चार फर्मे, म्हणजे चौसष्ट पानं, साधीच आहेत. एक मुलगी आहे, एक मोजणीदार आहे, जमिनी मोजतो. दोघांच्या मनात आहे, पण तो बोलत नाही. मग त्याची बदली होते. ती फलाटावर येते आणि म्हणते, 'आता तरी बोला. तुमच्या मनात काय आहे ते एकदाच सांगा.' इथे चौसष्टावं पान संपतं. आणि पासष्टाव्या पानावर तो म्हणतो..." बाइंडरांचा आवाज जड झाला. "'सर्वप्रथम वीजपुरवठा बंद करावा.'"

मी इतिवृत्तात 'वीजपुरवठा' असे लिहून घेतले.

"आणि मग तो तिला सोळा पानं पंपाबद्दल सांगतो. पंप आवाज करतो, पण पाणी ओढत नाही, याचं कारण आत हवा धरलेली असते. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असेल तर घाई न करता काढावा. तिला एक शब्द बोलू देत नाही. मी म्हटलं, वा रे लेखक! काय ओळखलाय माणूस! ज्याला प्रेमाचं बोलता येत नाही, तो काय करणार? त्याला जे येतं तेच बोलणार. आणि ऐंशीव्या पानावर तो म्हणतो, 'एवढे करूनही पंप सुरू न झाल्यास...' आणि पुढचं पान उलटावं तर, 'ती मागे न पाहता चालू लागली.'"

औषधवाल्यांनी सुस्कारा सोडला.

"मला तर आमचंच आठवलं," बाइंडर खाली बघत म्हणाले. "लग्न ठरायच्या आधी हिला एकटीला भेटायला दहा मिनिटं दिली होती. मी दहा मिनिटं खळ कशी करायची ते सांगितलं."

"पाऊण तास," वहिनी पिशवीकडे बघतच म्हणाल्या. "कीड लागू नये म्हणून मोरचूद किती घालायचा, तेही सांगितलंत."

ताईने टेबलावर पेन वाजवले. तिला आता अध्यक्षीय बोलणे भाग होते. "तुम्ही चांगला भाग हेरलात," ती म्हणाली. "पंप हे प्रतीक आहे. मला पहिल्या वाचनातच ते जाणवलं होतं."

"अगदी, अगदी!" औषधवाले म्हणाले. "हवा धरणं, म्हणजे अहंकार. मी तर त्या प्रकरणाखाली रेघा मारल्या होत्या."

"वाचनालयाच्या पुस्तकावर?" ग्रंथपाल एकदम जागे होऊन म्हणाले.

"मनातल्या मनात हो!"

ग्रंथपालांनी मान डोलावली आणि तशीच खाली ठेवली. मी इतिवृत्तात लिहिले: 'पंपाचे प्रतीक सर्वांना भावले.' सर्वांना, म्हणजे त्यात मी आलो.

वहिनींचे खांदे हलू लागले होते. मला वाटले, त्यांना रडू येत आहे.

"आता दुसरं पुस्तक," ताई म्हणाली.

"हे तर त्याहून भारी," बाइंडर रंगात आले. त्यांनी 'पाण्याचा पंप व आपण' उघडले. "माहितीचं पुस्तक म्हणून मी हे जरा भीतभीतच हातात घेतलं. पण लेखकाला काळीज आहे. गळतीचं प्रकरण बघा. चौसष्टाव्या पानाचा शेवट: 'यानंतरही गळती थांबत नसेल तर...' आणि पुढे? 'तो म्हणाला, रडू नकोस.'"

"हृद्य!" औषधवाले म्हणाले.

"मग तिथेही एक फलाट येतो, गाडी येते, तो रुमाल काढतो. शेवटी, 'तिने थरथरता हात पुढे केला आणि...' पान एक्क्याऐंशी, 'तीन नंबरचा पाना घेऊन नट उलट्या दिशेने फिरवावा.' मला इथे रडू आवरलं नाही, बाई. पण एक गोष्ट मनात राहिली. दोन वेगळे लेखक, दोघांना बरोबर पाचव्याच फर्म्यात..."

ते थांबले. बोट पान पासष्टच्या तळाशी गेले. तिथे फर्म्याचा अंक छापलेला असतो. बाइंडर त्यावरूनच फर्मे लावतात. मग कादंबरी उघडली. तिथेही तळाशी नुसता '५'. दोन्ही पुस्तके एकाच छापखान्याची, एकच कागद, एकच टाइप. अंकाशेजारी पुस्तकाचे नाव छापायचा कंटाळा छापखान्याने केला होता. बाइंडरांचा चेहरा खळीसारखा पांढरा पडला.

मी समोर बसून बघत होतो. दोन मिनिटे गप्प राहिले असते, तर ताईने मत घेतले असते आणि ते सभासद झाले असते. त्यांनाही ते दिसत होते. त्यांनी एकदा वहिनींच्या शेजारच्या जागेकडे पाहिले.

"बाई," ते म्हणाले, "थांबा. माझी चूक आहे. मी पाचव्या फर्म्यांची अदलाबदल केली. पंपाचा फर्मा कादंबरीत गेलाय आणि कादंबरीचा पंपात."

खोलीत इतकी शांतता झाली की ग्रंथपाल तिनेच जागे झाले.

"अडतीस वर्षांत असं झालं नाही," बाइंडर सांगत सुटले. "फर्मा हातात आला की मी दोन ओळी वाचतोच, त्यात चूक कळते. पण या वेळी दोन्ही पुस्तकं समोर आली, तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की सभासद व्हायचं, नि हीच दोन मागून घ्यायची. मधलं काही नजरेला पडायला नको, पहिल्या पानापासून नीट वाचायचं, म्हणून सगळे फर्मे पालथे ठेवून काम केलं. आयुष्यात एकदाच न वाचता बांधलं, नि..."

"म्हणजे तुम्ही दोन्ही पुस्तकं वाचलीच नाहीत!" ताईला सूर सापडला. "जे वाचलंत ते पुस्तकच नव्हतं. नियम नऊ. क्षमस्व."

बाइंडर पुस्तके मिटून दाराकडे वळले. पायरी त्यांची वाट पाहतच होती. आणि मला काय झाले कोण जाणे, ताईपुढे सत्तावन्न वर्षांत जे केले नव्हते ते मी केले. हात वर केला.

"ताई, खतावणीत एकाची रक्कम चुकून दुसऱ्याच्या खात्यावर पडली, तरी बेरीज जुळते. दोनशे छप्पन्न अधिक एकशे अठ्ठावीस, तीनशे चौऱ्याऐंशी. त्यांनी तीनशे चौऱ्याऐंशी पानं वाचली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मधल्या क्रमाबद्दल नियमात काही नाही."

"तू गप्प बस!"

"बसलोच आहे, ताई. सभासद आहे."

एवढ्यात बाइंडर दारातून मागे वळले. त्यांच्या मनात काही काळेबेरे नव्हते, हे मी शपथेवर सांगतो; त्यांना खरेच प्रश्न पडला होता. "पण बाई, पंपाचा भाग कादंबरीत आत्ता फेब्रुवारीत गेला. तुम्हाला तो पहिल्याच वाचनात कसा काय जाणवला?"

वहिनींनी पिशवी तोंडावर धरली, पण उपयोग झाला नाही. त्या इतक्या हसल्या की खुर्ची मागे सरकली. "अहो, मी ती कादंबरी दोनदा वाचलीये," त्या कशाबशा म्हणाल्या. "पासष्टाव्या पानावर पंप ऐकला तेव्हाच मला कळलं. पण म्हटलं, बघू तरी, अजून कोणाकोणाला प्रतीक जाणवतंय!"

"आणि मला सांगितलं नाहीस?" बाइंडर म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात. खळीचं ते मला तीस वर्षांनी पहिल्यांदा ऐकायला मिळालं. मला वाटायचं, तुम्ही विसरलात."

औषधवाल्यांचे पितळ उघडे पडले होते. ते चष्मा पुसत बसले, दोन्ही काचा, दोन्ही बाजूंनी. मी उठून दोन्ही पुस्तकांची कार्डे काढली. कादंबरीवर दोन नोंदी, दोन्ही वहिनींच्या. पंपाच्या पुस्तकावर एक, सात वर्षांपूर्वीची, वाचनालयाची टाकी गळत होती तेव्हाची, नळ दुरुस्त करणाऱ्याची.

"मी 'जाणवलं' म्हटलं," ताई म्हणाली. "'वाचलं' म्हटलं नाही."

"मागच्या महिन्यात जिन्यात म्हणालीस, ताई. 'पूर्वीच वाचलेली आहेत.' मी तिथेच होतो."

"तू चिटणीस आहेस की माझा भाऊ?"

"खजिनदारही आहे. नियम अकरा."

मत घेतले. चार हात वर. ताईने हात वर केला नाही, पण बोट वर केले, आणि मी ते मत म्हणून धरले. सहावी खुर्ची नव्हती, म्हणून बाइंडर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यावर वहिनींच्या शेजारी बसले. त्यांची मान टेबलाच्या जेमतेम वर येत होती. उरलेला अर्धा तास वहिनी 'हुंदका आणि हातरुमाल'वर बोलल्या, पहिल्यापासून, आणि ते मान वर करून ऐकत राहिले.

दोन्ही पुस्तके त्यांनी उसवून, फर्मे जागच्या जागी लावून आठवड्याभरात परत दिली. पैसे घेतले नाहीत, दोऱ्याचेसुद्धा. पुस्तके ठेवताना म्हणाले, "साहेब, खरा पाचवा फर्मा परत जागेवर बसवताना पुन्हा वाचला. तो मोजणीदार फलाटावर नुसता 'रडू नकोस' म्हणतो नि रुमाल देतो. काही दम नाही. पंप बरा होता."

मग दाराशी थांबले. "आणि तो विहिरीतला पोस्टमन? खरंच वाचला होता ना?"

मी त्यांना ती हिरवी कादंबरी काढून दिली. आम्ही दोघे ती वाचत आहोत. ते पुढे आहेत.

दंडाचा हिशेब असा. मी पाच रुपये भरले, पावती स्वतःला फाडून दिली. औषधवाल्यांनी पाच रुपये सुट्टे भरले. ग्रंथपालांनी झोपेत डोलावलेली मान हे मत होत नाही, असे लेखी कळवले. ते मान्य केले. ताईकडून पाच रुपये येणे आहेत.